थर्मामीटरची प्रभावना

आपल्या व्यापारी कुटुंबांत आजारी माणसाच्या भेटीला जाण्याची रीत जुनी आहे आणि ती चांगलीही आहे. अर्धा दिवस पेढी बंद ठेवून माणसे परगावी जातात, फळांची करंडी नेतात, घटकाभर बसतात आणि उठताना म्हणतात, “काही लागले तर निःसंकोच सांगा.” या वाक्यामागची माया खरी असते. परंतु ज्या घरात कर्करोगाचे उपचार आठ-नऊ महिने चालतात, त्या घरातल्या माणसांना काय लागते आहे हे सांगण्याचेही त्राण उरत नाही. आधी ते सुचावे लागते, मग मागण्याचा संकोच गिळावा लागतो. आमच्या घरात असा काळ येऊन गेला. त्या काळात मदतीला आलेल्या आणि न आलेल्या गोष्टींचा हा हिशेब आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी आज तोच काळ चालू असेल, त्यांच्यासाठी तो लिहीत आहे.

लातूरच्या मोंढ्यात आमचे आडतीचे दुकान आहे. सासूबाई, आम्ही दोघे, धाकटे दीर, त्यांची पत्नी आणि दोन मुले, माझा मुलगा, सून आणि दीड वर्षाची नात असे आमचे एकत्र कुटुंब. आजारी पडली ती माझी धाकटी जाऊ. वय सत्तेचाळीस. दुकानाच्या टॅलीवरच्या नोंदी आणि घराचा सारा खर्च तिच्याच हाती होता. त्या वर्षी फाल्गुन वद्य अष्टमीपासून तिने वर्षीतप आरंभले होते. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणा, असे तेरा महिने पार करून पुढच्या अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पारणे करायचे होते. पाच महिने निर्विघ्न गेले. श्रावणात एके दिवशी स्नान करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली. ती दुखत नव्हती, म्हणूनच तिने त्याच दिवशी मला सांगितले. न दुखणारी गाठही दाखवावी, हे तिने महिला मंडळाच्या एका शिबिरात ऐकले होते. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हा स्तनांचाच आहे आणि तो लवकर हाती लागला तर उपचारांना वाव मोठा असतो. मॅमोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला गेला आणि निदान पक्के झाले.

अहवाल ऐकताना ती रडली नाही. डॉक्टर म्हणाले, “आता उपवास बंद. उपचार संपेपर्यंत शरीराला रोज पोषण हवे.” तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांना धार लागली. घरी आल्यावर ती म्हणाली, “भाभी, शरीर गेले तरी चालेल, घेतलेले तप मोडायचे नाही.” तिच्या या हट्टापुढे आमचे कुणाचेच काही चालेना. नातेवाइकांतही दोन तट पडले. काही म्हणत, तपाच्या बळावरच रोग जाईल. काही म्हणत, डॉक्टर सांगतील तसे करा. अखेर चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींकडे आम्ही दोघी गेलो. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी आठवण करून दिली की आपण पच्चक्खाण घेतो तेव्हा त्यात आगारही असतात, आणि गंभीर आजारात चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध-आहार घेण्याचा आगार त्यांतलाच एक आहे. ही पळवाट नाही, शास्त्रकारांनी जाणून ठेवलेली जागा आहे. शेवटी त्या मला म्हणाल्या, “उपवास हे बाह्य तप आहे. वैयावृत्य, म्हणजे आजाऱ्याची सेवा, हे अभ्यंतर तप आहे. हिचे तप थांबले असे समजू नका. उरलेले आता तुम्ही घरच्यांनी करायचे आहे.”

वैयावृत्य हा शब्द आम्ही लहानपणापासून पाठ केलेला. सहा अभ्यंतर तपांची नावे म्हणताना तो विनयानंतर येतो, एवढेच ठाऊक होते. तो तपांच्या यादीत का आहे, याचा अर्थ पुढच्या नऊ महिन्यांत उलगडत गेला. उपवासाला जशी तिथी, वेळ आणि मर्यादा असते, तशी सेवेलाही असावी लागते. नुसत्या उमाळ्याने केलेली सेवा आठवड्याभरात थकते.

मुंबईत शस्त्रक्रिया झाली. जखम भरायला वेळ लागला, म्हणून केमोथेरपी दिवाळीनंतर लातूरलाच सुरू करायचे ठरले. आधी दर एकवीस दिवसांनी एक अशा चार, त्यानंतर दर आठवड्याला एक अशा बारा. लक्ष्मीपूजनाला दुकानाच्या नव्या चोपड्यांची पूजा झाली, तेव्हा धाकटीने त्यांच्याशेजारी शंभर पानांची एक साधी वही ठेवली आणि तिच्यावरही कुंकवाचे स्वस्तिक काढले. जमेच्या बाजूला खाल्लेले, प्यायलेले, झोपेचे तास. नावेच्या बाजूला उलट्या, जुलाब, वेदना, ताप. शेवटच्या पानांवर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. ही वही तिने स्वतः लिहिली. हात चालत नसे त्या दिवशी मुलीकडून लिहून घेतली. डॉक्टरांसमोर बसल्यावर माणूस अर्धे विसरतो. वही विसरत नाही.

कामांची वाटणीही त्याच वहीत लिहिली गेली. रुग्णालयात सोबत धाकटे दीर. विम्याचे कागद, अहवालांची फाइल आणि औषधे माझा मुलगा. स्वयंपाक सून. रात्रीची जाग माझी. दुकान थोरल्यांचे. पुतण्या बारावीला होता आणि लातुरात बारावीचे वर्ष म्हणजे काय असते, हे या पानाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. त्याचे काम एकच ठरले : अभ्यास करायचा आणि रोज संध्याकाळी अर्धा तास आईजवळ बसून अभ्यासाशिवाय दुसरे काहीही बोलायचे. शेजारच्या देशपांडे काकूंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले, “मंगळवार आणि शुक्रवारचा याचा क्लासचा डबा माझ्याकडून येईल.” त्यांनी काय लागते ते विचारले नाही. वार सांगितले. नऊ महिन्यांत तो डबा एकदाही चुकला नाही, आणि त्यात कधी कांदा-बटाटाही आला नाही.

या वहीची किंमत आम्हाला पहिल्याच फेरीत कळली. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि तेव्हाचा ताप साधा समजायचा नसतो, हे डॉक्टरांनी बजावले होते. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर कोणत्याही वेळी रुग्णालयात या, आणि विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका, कारण गोळीने आकडा उतरतो पण आतला संसर्ग तसाच राहतो. वहीच्या मुखपृष्ठावर हे ठळक लिहिलेले होते. अकराव्या रात्री पावणेदोनला तिला हुडहुडी भरली. थर्मामीटरने १००.८ दाखवले. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या थंडीत कुठे नेता? गोधडी घाला, सकाळी पाहू.” त्यांचे बोलणे काळजीपोटीच होते. धाकटे दीरही क्षणभर घुटमळले. मी वहीचे मुखपृष्ठ त्यांच्यासमोर धरले. वीस मिनिटांत आम्ही रुग्णालयात होतो. पेशी फारच उतरल्या होत्या. तासाभरात शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली आणि पाच दिवस ती चालली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “सकाळपर्यंत थांबला असता तर मी आज तुमच्याशी वेगळे बोलत असतो.” त्यानंतर घरात कुणी त्या वहीला हसले नाही.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत जरा नाजूक असतो. रुग्णालयाच्या छापील तक्त्यात अंडी होती. आहारतज्ज्ञ बाईंना आमचे नियम सांगितले, तेव्हा त्यांनी जराही खळखळ न करता दुसरा तक्ता करून दिला : मुगाचे वरण, पनीर, दूध, शेंगदाण्याची चटणी, सातूचे पीठ, भिजवून सोललेले बदाम, आणि हे सारे थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा. उकळलेले पाणी आमच्याकडे आधीपासूनच होते आणि त्या काळात ते औषधासारखे उपयोगी पडले. तोंडात धातूची चव येऊ लागली, तेव्हा सुनेने स्टीलची ताट-वाटी बाजूला ठेवून काचेची काढली. तोंड आले, तेव्हा तिखट बंद झाले आणि खिचडी निववून मिळू लागली. रात्री औषधाबरोबर काही घ्यावे लागे, तेवढे सोडून धाकटीने चौविहारही बहुतांशी सांभाळला. डॉक्टरांना आधी विचारले की बहुतेक नियमांना वाट सापडते. न विचारता पाळले किंवा न विचारता मोडले, तर दोन्हीकडून क्लेशच होतो. कुणी कुणी चूर्णे आणि काढे आणून देत. ते आम्ही नम्रपणे ठेवून घेत असू आणि डॉक्टरांना दाखवत असू. केमोथेरपीच्या काळात वनौषधीही औषधांच्या आड येऊ शकतात, म्हणून त्यांनी संमती दिली नाही आणि आम्ही ती वापरली नाहीत.

भेटीला येणाऱ्यांसाठी वेळ ठरली : दुपारी चार ते पाच, आणि पेशी उतरण्याच्या दिवसांत कुणीच नाही. दोन-चार जणांना ते लागले, पण बहुतेकांनी समजून घेतले. बोलण्याचे मात्र काय करावे हे शेवटपर्यंत अवघडच राहिले. येणारा सहज सांगून जाई की आमच्या मावशीलाही हेच झाले होते, दोन वर्षांत गेल्या. कुणी म्हणे, पूर्वकर्माचा उदय आहे, निर्जरा होते आहे असे समजा. एकदा धाकटी शांतपणे म्हणाली, “माझे कर्म मी पाहीन. तुम्ही मला आज मोंढ्यात तुरीचा भाव काय निघाला ते सांगा.” कर्मसिद्धांत आपल्याला स्वतःच्या आत पाहण्यासाठी मिळाला आहे. दुसऱ्याच्या अंथरुणाशेजारी बसून त्याचे माप काढण्यासाठी तो नाही. तुरीच्या भावाच्या गप्पा सुरू झाल्या की तिच्या चेहऱ्यावर रंग येई. डॉक्टरांच्या परवानगीने ती रोज दोन तास टॅलीवर बसत असे. थोरल्यांना वाटे, तिला विश्रांती द्यावी. पण दुकानातली तिची जागा राखणे हीसुद्धा सेवाच होती. केस गेल्यावर डोक्याला रुमाल बांधून ती नोंदी करी आणि मुनीमजींच्या चुका पूर्वीच्याच कडक आवाजात काढी.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करीत होते, पण ती आपल्या समाजात फार घडते म्हणून लिहिते. त्याच सुमारास पुतणीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. आप्तांपैकी काहींनी सुचवले की साखरपुडा होईपर्यंत आजार कळू देऊ नये. त्यावर सासूबाईंनी, ज्यांना आम्ही जुन्या विचारांच्या समजत होतो, एवढेच विचारले, “हिने काय चोरी केली आहे?” आम्ही समोरच्यांना सगळे सांगितले. त्यांच्याकडून पुढे निरोप आला नाही. घरात दोन दिवस कुणी फारसे बोलले नाही. पुतणी म्हणाली, “आजी, आजार ऐकून जे घर गप्प होते, तिथे माझ्या आजारात माझे काय झाले असते?” स्तनांच्या कर्करोगांपैकी सुमारे पाच ते दहा टक्केच आनुवंशिक असतात. डॉक्टरांनी घराण्यातील आजारांची विचारपूस करून तिने कोणत्या वयापासून कोणती तपासणी करावी ते सांगितले. एवढे केले की या बाबतीत करण्यासारखे होते ते झाले. बाकीची भीती माणसांनी वाढवलेली असते. लपवण्याची किंमत मात्र मोठी असते : लपवलेल्या आजाराला डबा येत नाही, सोबत मिळत नाही, आणि आजारी माणसाला आपण घरावरचा डाग आहोत असे वाटू लागते.

सेवा करणाऱ्यालाही कुणी सांभाळावे लागते. धाकटे दीर तीन महिन्यांत सात किलोने उतरले. गोदामात पोत्यांच्या थप्पीआड ते एकटेच बसलेले दिसत. बायकांना एकमेकींजवळ रडता येते, आपल्याकडच्या पुरुषांना ती सोय नाही. मोंढ्यातले त्यांचे दोन आडते मित्र रोज पहाटे दारात उभे राहू लागले आणि त्यांना फिरायला नेऊ लागले. आजाराबद्दल विचारायचे नाही, असे त्यांनी आपसांत ठरवले होते. महिनाभराने दीर आपण होऊनच त्यांच्याशी बोलले. हमालांनीही केमोथेरपीच्या दिवशी लवकर येऊन मालाची मापे उरकून ठेवण्याचा शिरस्ता स्वतःहून पाडला.

रुग्णालयात केमोथेरपीच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर अहमदपूर तालुक्यातल्या एक आजी येत. शेतमजुरी करून संसार केलेल्या. दोघींची चांगली गट्टी जमली. पहिल्या तापाच्या प्रसंगानंतर धाकटीने त्यांना विचारले, “आजी, तुमच्याकडे ताप कोण मोजते?” आजी म्हणाल्या, “पोरगा कपाळाला हात लावतो की.” त्यांच्या घरी थर्मामीटर नव्हते. धाकटीने दुसऱ्या फेरीला एक डिजिटल थर्मामीटर नेले, आकडा कसा वाचायचा ते त्यांच्या मुलाला शिकवले आणि दहाव्या दिवशी फोन करून आकडा विचारला. पुढे आजीच तिला फोन करू लागल्या : “लेकी, तुझा आज किती?” आजींचा रोग बराच पुढे गेलेला होता. फाल्गुनात त्या गेल्या. त्या आठवड्यात धाकटी पहिल्यांदा केमोथेरपीला जायला तयार नव्हती. ती रिकामी खुर्ची पाहवणार नाही, म्हणाली. शेवटी पुतणी तिच्याबरोबर गेली आणि त्या खुर्चीवर स्वतः बसून राहिली.

शेवटची केमोथेरपी चैत्र संपता संपता झाली आणि चार-पाच दिवसांत अक्षय तृतीया आली. तप पुरे झाले असते तर त्या दिवशी पारण्याचा समारंभ झाला असता आणि रीतीप्रमाणे आलेल्यांना प्रभावना दिली गेली असती. प्रभावनेसाठी बाजूला काढलेले पैसे तिच्या कपाटात तसेच होते. त्यांतून तिने साठ थर्मामीटर आणले. प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी : १००.४ किंवा अधिक ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. खाली त्या रुग्णालयाच्या रात्रपाळीचा दूरध्वनी. सकाळी आम्ही दोघी रुग्णालयात जाऊन परिचारिकांकडे ते देऊन आलो, नव्याने येणाऱ्या प्रत्येकासाठी. मग घरी येऊन तिने डॉक्टरांना विचारून ठेवल्याप्रमाणे, घरीच स्वच्छ काढलेला अर्धा पेला उसाचा रस घेतला. ते पारणे होते की नव्हते, हे कुणी विचारले नाही.

त्यानंतर किरणोपचारांसाठी आम्ही तीन आठवडे मुंबईत होतो. परळच्या रस्त्यावरून जाताना दूरदूरच्या राज्यांतली माणसे फाइली छातीशी धरून बसलेली दिसतात. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यांच्या स्मृतीची ती वास्तू. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा वर्षानुवर्षे कर्करुग्णांना आसरा देते. सेंट ज्यूड संस्था २००६ पासून कर्करोग झालेल्या मुलांना आणि त्यांच्या आई-वडिलांना उपचाराच्या काळात मोफत घर देते. आपल्या मराठवाड्याच्या उंबरठ्यावर बार्शीलाही कर्करोगाचे रुग्णालय आहे आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली. ऐपत नसलेल्यांसाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. आपल्या दुकानावरचा हमाल किंवा मोलकरीण आजारी पडली, तर निदान तिचे कागद जुळवून देणे आपल्याला सहज जमण्यासारखे आहे. कागद जुळवण्यात आपल्याइतकी तरबेज जमात दुसरी नसेल.

मुंबईहून परतल्यावर सासूबाई नातीला तिच्या मांडीवर बसू देईनात. किरणे बाळाला लागतील ही भीती. अशा बाहेरून दिलेल्या किरणोपचारांत शरीरात काही उरत नाही, हे डॉक्टरांनी फोनवरून त्यांना समजावले, तेव्हा कुठे नात मांडीवर गेली.

आज त्याला दीड वर्ष झाले. धाकटी रोज एक गोळी घेते, आणखी काही वर्षे घ्यावी लागेल. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. तपासणीच्या आधीचा आठवडा घरात अजून जडच जातो. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताला सूज येऊ नये म्हणून ती भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम करते आणि तेलाचा पंधरा किलोचा डबा आता मुले उचलतात. डॉक्टर अजून “पूर्ण बरी” असा शब्द वापरत नाहीत आणि आम्हीही त्यांना तो विचारत नाही.

वाचकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी अशा घरी जाल तेव्हा फळांच्या करंडीबरोबर एक वार घेऊन जा. “गुरुवारचा डबा माझा.” “विम्याचे कागद माझा मुलगा करील.” “सोमवारी रात्री मी जागते, तुम्ही झोपा.” जमेल तेवढेच सांगा, पण सांगितलेला वार चुकवू नका. दिलेला शब्द आणि ठरलेली तारीख पाळूनच आपल्या पेढ्यांची पत उभी राहिली आहे. तेवढेच आजारी माणसाच्या दारी न्यायचे आहे. आणि घरात थर्मामीटर नसेल तर आज एक घ्या.